फोटोतलं जवळ-लांब नक्की कशावरून ठरवायचं?

कवडसा (धागाकर्ता)

एका मांजरामुळे हा धागा काढावा लागतोय.

परवा समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर मांजर बसलं होतं. छान दिसलं म्हणून मोबाइल काढला आणि टिपलं. रात्री बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "हे कसलं जनावर?" बघतो तर खरंच की. भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून एक गृहस्थ चालले होते आणि मांजर त्यांच्या कमरेला लागत होतं! भिंत राखाडी, रस्ताही राखाडी. भिंतीची वरची कड त्यात अशी काही विरघळली आहे की भिंत म्हणून काही उरतच नाही. मांजर थेट रस्त्यावर, त्या गृहस्थांच्या शेजारी ठाण मांडून बसलेलं.

गंमत म्हणजे फोटो मीच काढलाय. मांजर भिंतीवर होतं हे मला पक्कं माहीत आहे. तरी फोटो उघडला की पहिल्या क्षणी तेच अवाढव्य मांजर दिसतं.

तर विचारायचं हे, की असा फोटो समोर आला तर पुढचं कोण आणि मागचं कोण हे तुम्ही कशावरून ठरवता? "नीट बघ की जरा" हे घरात ऐकून झालंय, ते सोडून सांगा.

प्रचि (प्रकाशचित्र) टाकत नाही. गृहस्थांचा चेहरा ओळखू येतोय आणि त्यांना विचारलेलं नाही. मापं देतो: मोबाइल जमिनीपासून दीड मीटरवर, भिंत मीटरभर उंच, माझ्यापासून 3 मीटरवर. मांजर बसलेलं, 30 सेंटिमीटर धरा.

गणोबा

मांजराला खुराक काय आहे तेवढं कळवा.

तिसरा डोळा

कवडसा, तुमचे डोळे चुकत नाहीयेत. फोटोत अंतर नसतंच, त्यामुळे ते "दिसण्याचा" प्रश्नच येत नाही.

भिंगातून आत आलेला प्रत्येक किरण कुठल्या दिशेने आला एवढंच सेन्सरला कळतं. किती लांबून आला ते कळत नाही. 30 सेंटिमीटरचं मांजर 3 मीटरवर आणि 3 मीटरचं जनावर 30 मीटरवर, दोन्ही फोटोत अगदी तेवढीच जागा घेणार. उंची भागिले अंतर, दोन्हीकडे एक दशांश. या दोहोंतलं खरं कुठलं, हे फोटोच्या बाहेरच्या माहितीवर ठरतं. "मांजरं एवढी नसतात" ही ती माहिती.

हेच गणित चंद्राला लावा. चंद्राचा व्यास 3,474 किलोमीटर, सरासरी अंतर 384,400 किलोमीटर, म्हणजे चंद्र स्वतःच्या रुंदीच्या साधारण 110 पट लांब आहे. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या 110 पट लांब ठेवली की ती चंद्राएवढी दिसते. 1.7 मीटर उंचीचा माणूस 187 मीटरवर उभा केला तर चंद्राच्या चकतीत डोक्यापासून पायापर्यंत बरोबर मावतो. भल्यामोठ्या चंद्रात उभ्या माणसाचे जे फोटो फिरतात, त्यातले बरेच असेच काढलेले असतात. दोनशे मीटर मागे जायचं आणि लांब भिंग लावायचं. 600 मिलिमीटरच्या भिंगातून चंद्राची प्रतिमा सेन्सरवर जेमतेम साडेपाच मिलिमीटरची पडते. दिसायला मात्र वाटतं की चंद्र अंगणात उतरलाय.

भिंगरी

तिसरा डोळा, शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन, पण मूळ कारण राहिलं. हा सगळा झूमचा खेळ आहे. लांब भिंग अंतर दाबतं, वाइड भिंग ताणतं. मी बारा वर्षं फोटो काढतेय, रोज बघते.

तिसरा डोळा

दिसतं तसं, पण करतं कोण ते तपासा. एकाच जागेवर उभं राहून एक फोटो वाइडने काढा, एक टेलीने, म्हणजे लांब भिंगाने. मग वाइडच्या फोटोतला मधला तुकडा कापून टेलीएवढा मोठा करा. दाणे जास्त दिसतील, पण कोण कोणाच्या किती मागे वाटतं त्यात तसूभर फरक पडणार नाही. अंतर दाबणारे तुमचे पाय आहेत, भिंग नाही. दोन माणसं 10 आणि 20 मीटरवर असतील तर पुढचा मागच्याच्या दुप्पट दिसतो. तुम्ही 100 मीटर मागे गेलात की ती 110 आणि 120 वर जातात, पुढचा जेमतेम 9 टक्के मोठा. भिंग फक्त चौकट ठरवतं.

भिंगरी

करून बघते आणि सांगते. चूक निघाली तर मान्य करेन, पण आज नाही. :)

निळावंती

मी चित्रं काढते, फोटोग्राफीतलं फारसं कळत नाही. पण आम्हाला सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवतात ती इथे उपयोगी पडेल. वस्तू बघू नका, ती जमिनीला कुठे टेकलीय ते बघा. आधी पाय.

सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. कॅमेरा दीड मीटरवर असेल, तर त्या जमिनीवर उभ्या प्रत्येक गोष्टीला क्षितिज दीड मीटरवर कापतं, मग ती दहा पावलांवर असो की मैलभर लांब. म्हणून गर्दीच्या फोटोत जवळच्या-लांबच्या सगळ्या मोठ्या माणसांची डोकी साधारण एका रेषेत येतात आणि पाय मात्र वरखाली असतात. अंतर त्या पायांत आहे. क्षितिजापासून पाय जेवढे खाली, तेवढा माणूस जवळ. एकाचे पाय दुसऱ्याच्या निम्मेच खाली असतील तर तो दुप्पट लांब. (कॅमेरा फार वर-खाली कललेला नको, नाहीतर हिशोब थोडा बिघडतो.)

घोटाळा होतो तो पाय लपले, किंवा वस्तू जमिनीला टेकलेलीच नसली की. तुमचं मांजर जमिनीवर नाही. पण भिंत गायब झाल्यामुळे मेंदूने त्याला जमिनीवर उतरवलं, आणि एकदा उतरवलं की अंतर ठरलं. अंतर ठरलं की आकारही ठरला.

तिसरा डोळा

निळावंती, सुरेख! आता कवडसांची मापं यात घालतो.

भिंतीची कड मोबाइलपेक्षा अर्धा मीटर खाली, 3 मीटरवर. म्हणजे मोबाइलकडून कडेकडे जाणारी नजर दर 6 मीटरला एक मीटर उतरतेय. तीच रेषा पुढे वाढवली तर दीड मीटर उतरून जमिनीला कुठे टेकेल? 9 मीटरवर. मेंदूने मांजर तिथे नेऊन बसवलं. आणि 9 मीटरचा एक दशांश म्हणजे 90 सेंटिमीटर. म्हणून कमरेला लागतं. गृहस्थांचे बूटही त्याच कडेवर टेकलेले असतील, तर ते तुमच्यापासून 9 मीटरवर होते.

कवडसा, जागेवर जाऊन मोजता येईल का?

कवडसा

बूट पूर्ण दिसतायत, तळवे बरोबर भिंतीच्या कडेवर. आणि त्यांच्या टाचेला लागून गटाराच्या झाकणाची पलीकडची कड जेमतेम डोकावतेय. म्हणजे जागा सापडेल. रविवारी टेप घेऊन जातो.

गणोबा

रविवारी टेप घेऊन रस्त्यावर वाकलेल्या धागाकर्त्याचा फोटो काढायला कोणीतरी जा रे. वाखूसा (वाचनखूण साठवली आहे).

डावा डोळा

नाव गमतीने घेतलेलं नाही. मला लहानपणापासून एकाच डोळ्याने दिसतं. त्यामुळे हा विषय माझ्या घरचा.

दोन डोळ्यांत साधारण 6 सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोघांना दिसणारी चित्रं जराशी वेगळी असतात आणि त्या फरकातून खोली कळते. चार्ल्स व्हीटस्टोन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1838 साली दोन किंचित वेगळी रेखाचित्रं आरशांतून एकेका डोळ्याला दाखवली आणि सपाट कागदावरची आकृती उठून उभी राहिली. ती माझ्यापुढे उभी राहणार नाही. पेल्यात पाणी ओतताना मी तांब्या काठाला टेकवूनच ओततो, सुईत दोरा ओवताना बोटाला बोट लावून जागा धरतो. बाकी दिवसभर काही अडत नाही, कारण मी मान हलवतो. मान हलली की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, आणि तेवढ्यात काम भागतं.

फोटोपुढे मात्र तुम्ही सगळे माझ्या पंगतीला येता. कॅमेरा एकाक्ष, आणि वर मान न हलवणारा. तुमचा दुसरा डोळा तिथे मदत तर करत नाहीच, उलट मोडता घालतो. दोन्ही डोळे मिळून तुम्हाला सांगत असतात की समोर सपाट कागद आहे. म्हणून एक प्रयोग करा. खोली भरपूर असलेला फोटो घ्या, लांब जाणारा रस्ता किंवा रांगेतले खांब. एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यापुढे मुठीची नळी करा, कागदाच्या कडा दिसणार नाहीत इतकी अरुंद. पाच-दहा सेकंद टक लावून बघा.

मित्रांना करायला लावलं तेव्हा त्यातला एक ओरडलाच, "अरे, आत जातंय!" मला ते तसं रोजच दिसतं.

निळावंती

डावा डोळा, आत्ता करून पाहिलं. झाडांची रांग खरोखर मागे गेली! इतकी वर्षं चित्र तपासताना एक डोळा बारीक करत आले, कारण कळलं नव्हतं.

उल्का

उशिरा आले. सावलीबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

वस्तू जमिनीला टेकलीय की हवेत आहे, हे सांगण्यात सावलीसारखा साक्षीदार नाही. चेंडूचा फोटो घ्या. सावली चेंडूला चिकटलेली असेल तर चेंडू जमिनीवर. तोच चेंडू, फोटोत त्याच जागी, फक्त सावली थोडी खाली सरकवा, की चेंडू लगेच जवळ येतो, लहान होतो आणि हवेत उचलला जातो. चेंडूचा एक ठिपकाही न हलवता. अगदी नितळ पाण्यात नाव तरंगतेय असं वाटणारे फोटो याच जातीचे. पाणी दिसत नाही, सावली थेट तळावर पडलेली दिसते, आणि नाव अधांतरी.

सावली फसवतेही. उजेड वरून येतो हे मेंदू धरूनच चालतो. चंद्रावरच्या विवराचा फोटो उलटा धरा, खड्ड्याची टेकडी होते. पुन्हा सुलटा करा, टेकडीचा खड्डा. मंगळावरचा तो प्रसिद्ध "चेहरा" आठवतो? व्हायकिंग 1 यानाने जुलै 1976 मध्ये टिपला, सूर्य क्षितिजालगत असताना. लांब सावल्यांनी डोळे-तोंड काढून दिले. पुढे मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने बारकाईने फोटो घेतले तेव्हा तिथे एक साधी झिजलेली टेकडी निघाली.

आणि हवा. पृथ्वीवर लांबचे डोंगर फिके, निळसर दिसतात. ते बघून अंतर जोखायची आपल्याला इतकी सवय की पावसानंतर हवा धुऊन निघाली की डोंगर एकदम दोन पावलं पुढे सरकल्यासारखे वाटतात. चंद्रावर हवाच नाही. झाड नाही, खांब नाही, ओळखीच्या मापाचं काहीच नाही. अपोलो 14 चे चांद्रवीर शेपर्ड आणि मिचेल फेब्रुवारी 1971 मध्ये कोन विवराची कड गाठायला चढावरून निघाले. कड काही सापडेना, वेळ संपत आला, शेवटी मागे फिरले. नंतर फोटोंवरून लक्षात आलं की ते काठापासून अवघ्या तीसेक मीटरवर पोचले होते. विवर तीनशेहून जास्त मीटर रुंद! म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, दोन डोळ्यांनी बघूनही चूक होते. फोटोचं काय घेऊन बसलात.

कवडसा

उल्का, सावलीचं पटलं. पण त्या दिवशी आभाळ आलेलं होतं, फोटोत कोणाचीच धड सावली नाही. साक्षीदार फितूर नव्हता, गैरहजर होता.

भिंगरी

केला प्रयोग. तीच जागा, 24 आणि 200 मिलिमीटरची भिंगं, मधला तुकडा कापून एकावर एक ठेवले. कडा जुळल्या. तिसरा डोळा, तुमचं बरोबर, लिहून देते.

पण मग एक सांगा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की टेलीचा चपटा आणि वाइडचा खोल का वाटतो? तो भास तर खराच आहे ना.

तिसरा डोळा

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर फोटोत नाही. ते तुम्ही तो किती लांबून बघता यात आहे.

प्रत्येक फोटोला बघायची एक बरोबर जागा असते. भिंगाची फोकल लेन्थ (भिंगाचा तो मिलिमीटरचा आकडा) गुणिले फोटो सेन्सरच्या किती पट मोठा केला. सेन्सर 36 मिलिमीटर रुंद, छापील फोटो 36 सेंटिमीटर, म्हणजे 10 पट. 24 च्या भिंगाचा असेल तर तो 24 सेंटिमीटरवरून बघायला हवा, अगदी नाकाजवळ. 200 चा असेल तर 2 मीटरवरून. आपण दोन्ही हातभर अंतरावरून बघतो. वाइडचा फोटो हवा त्यापेक्षा लांबून बघितला की खोली ताणली जाते, टेलीचा हवा त्यापेक्षा जवळून बघितला की दाबली जाते. टेलीचा फोटो भिंतीला लावून दोन मीटर मागे सरका, चपटेपणा बराच उतरेल.

भिंगरी

म्हणजे भिंग नाही, बघणारीच चुकीच्या जागी उभी. बारा वर्षं!

शून्य मैल

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

शून्य मैल

(वरचा प्रतिसाद निळावंतींचं न वाचता दिला होता, क्षमस्व.)

बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागरावरचे फोटो बघितलेत का? खेळण्यातला डायनोसॉर माणसांच्या मागे लागलाय, माणूस बुटातून बाहेर येतोय, वगैरे. दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं पांढरं सपाट मैदान. असे फोटो तिथेच इतके का निघतात ते वरचे प्रतिसाद वाचून आत्ता नीट कळलं. जमीन पांढरीफटक, त्यामुळे जवळचा पोत भरड आणि लांबचा बारीक हा फरक सहज जाणवत नाही. मध्ये झाड नाही, भिंत नाही. आणि ते लोक कॅमेरा अगदी जमिनीला टेकवतात. मला वाटायचं हौस म्हणून. पण निळावंतींच्या नियमाने कॅमेऱ्याची उंचीच जवळपास शून्य केली, की जवळच्या खेळण्याचे आणि लांबच्या मित्राचे पाय दोन्ही क्षितिजाला जाऊन चिकटतात. मधली जमीन पट्टीएवढी होते. पाय बघून अंतर सांगायची सोयच काढून घेतली!

पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट ठेवायची कसरत मात्र करावी लागते. एक जरी धुरकट झालं की चोरी पकडली जाते.

भिंगरी

धुरकटपणा उलटाही वापरतात. उंचावरून काढलेल्या शहराच्या फोटोत मधला पट्टा स्पष्ट ठेवून वरचा-खालचा भाग धुरकट करा, घरं-गाड्या खेळण्यातल्या वाटायला लागतात. इतका उथळ फोकस आपल्याला अगदी जवळच्या, लहान वस्तूंच्याच फोटोत बघायची सवय, म्हणून. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी हिशोबाने धुरकट करतो तेव्हा केसांच्या बटा आणि चष्म्याच्या काड्या बघा. काडीच्या आतून दिसणारी भिंत कधीकधी स्पष्टच राहते. यंत्रालाही पुढचं-मागचं ओळखताना घाम फुटतो.

उल्का

मला सगळ्यात अस्वस्थ करणारा नमुना सांगते. पिसाच्या कलत्या मनोऱ्याचा, खालून वर बघत काढलेला एक फोटो घ्या. त्याचीच दुसरी प्रत शेजारी चिकटवा. उजवीकडचा मनोरा जास्त कललेला दिसतो. मोजा, झाका, काही करा, दिसतोच. 2007 मध्ये हा भ्रम मांडला गेला आणि त्या वर्षीच्या भ्रमांच्या स्पर्धेत पहिला आला.

कारण पुन्हा खोलीच. खालून बघताना दोन समांतर मनोरे वर जाताना एकमेकांकडे झुकलेले दिसायला हवेत, रुळांसारखे. इथे दोन्ही प्रती हुबेहूब असल्याने ते झुकत नाहीत. मग मेंदू म्हणतो, ज्याअर्थी हे जवळ येत नाहीत त्याअर्थी वर जाऊन फाकत असणार. दोन वेगवेगळे फोटो आहेत ही साधी गोष्ट तो मानायलाच तयार नाही.

गणोबा

आता गंभीरपणे. हे केलं. मध्ये पेन आडवं टाकलं, तरी तसंच. मग एक प्रत वर आणि एक खाली ठेवली. गेलं!

कवडसा

रविवारचा वृत्तांत.

मेव्हण्याला झाकणाच्या पलीकडच्या कडेवर उभं केलं, मी जुन्या जागी. फोटो काढून ताडून पाहिला, तळवे भिंतीच्या कडेला बरोबर टेकले. मग टेप. माझ्या पायापासून त्याच्या टाचेपर्यंत 8 मीटर 30. तिसरा डोळा म्हणाले होते 9. सत्तर सेंटिमीटर कुठे गेले?

तिसरा डोळा

रस्त्याला उतार असेल, किंवा एखादं माप अंदाजाने दिलेलं. भिंत "मीटरभर" म्हणालात. खरंच मोजली होती?

कवडसा

आत्ता मोजली. 96 सेंटिमीटर. मोबाइलची उंची आणि 3 मीटर तेवढेच आहेत.

तिसरा डोळा

मग झालं की. कड मोबाइलपेक्षा 54 सेंटिमीटर खाली, 3 मीटरवर. दर मीटरला 18 सेंटिमीटर उतार. दीड मीटर उतरायला 8.33 मीटर.

निळावंती

भिंतीचे 4 सेंटिमीटर चुकले आणि माणूस पाऊण मीटर सरकला! आणि मांजर?

कवडसा

83 सेंटिमीटर. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "तेच म्हणत होते, एवढं काही मोठं नव्हतं."